शर्यतीला सरकारचा टेकू कशासाठी?

चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचं वर्षाचं भाडं ६१४ रुपये १३ पैसे होतं. भर शहरातली सुमारे १६० एकर सरकारी जमीन, आणि १९४५ साली मद्रास रेस क्लबशी झालेला ९९ वर्षांचा करार. १९७० पासूनचं वाढीव भाडं तमिळनाडू सरकार मागत राहिलं, क्लब ते नाकारत राहिला, प्रकरण कोर्टात गेलं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने थकबाकी भरायला सांगितली. ती ७३० कोटी रुपयांच्या वर गेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने करार रद्द करून रेसकोर्सला सील ठोकलं.

हे ७३० कोटी म्हणजे क्लबने न भरलेलं भाडं, हे तर खरंच. पण माझ्या लेखी ते तमिळनाडूच्या जनतेने घोड्यांच्या शर्यतीला दिलेलं अनुदान आहे. फरक इतकाच, की ते कुठल्याही अर्थसंकल्पात छापलं गेलं नाही, त्यावर विधानसभेत मतदान झालं नाही, आणि ज्यांच्या खिशातून ते गेलं त्यांना आपण काही देतोय याचा पत्ताही नव्हता. शर्यतींना सरकारने मदत करावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कधी नीट विचारलाच गेला नाही, कारण ही मदत जमिनीच्या रूपाने होते आणि जमिनीची सवलत हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

आयर्लंडमध्ये हीच मदत उघडपणे दिली जाते. तिथे २००१ च्या कायद्याने घोडे आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी एक स्वतंत्र निधी निर्माण केला. दरवर्षी त्यात सरकार रक्कम घालतं आणि तिची वाटणी ठरलेली असते: ८० टक्के घोड्यांना, २० टक्के कुत्र्यांना. २०२४ मध्ये या निधीत साडेनऊ कोटी युरो होते, २०२५ मध्ये ९ कोटी ९१ लाख. त्यातले जवळजवळ दोन कोटी युरो एकट्या ग्रेहाउंडच्या शर्यतींना गेले. मला ही रक्कम अवाजवी वाटते. पण त्या देशाचं एक मान्य करायला हवं. रक्कम छापलेली असते, संसदेत मांडली जाते, विरोधी सदस्य तिच्यावर तुटून पडतात, वर्तमानपत्रं तिची तुलना इस्पितळांच्या आणि घरांच्या खर्चाशी करतात. दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी सरकारला उत्तर द्यावं लागतं.

ते उत्तर ऐकण्यासारखं असतं. शर्यत चांगली आहे म्हणून पैसे देतो, असं तिथला मंत्री सहसा म्हणत नाही. तो म्हणतो ग्रामीण रोजगार. तो म्हणतो घोड्यांची पैदास, निर्यात, पर्यटन, परंपरा. हजारो कुटुंबांची पोटं यावर आहेत, असं सांगणारा अहवाल उद्योग स्वतःच तयार करून घेतो आणि मंत्री तो वाचून दाखवतो. सरकारी पैसा मागताना शर्यत कधी स्वतःच्या नावाने पुढे येत नाही, ती दुसऱ्या कुणाचं तरी बोट धरून येते. आयर्लंडमध्ये ती गावाचं बोट धरते. मुंबईत हिरवळीचं.

आता महालक्ष्मीकडे येऊ, कारण हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं. दलदलीच्या सपाटीवर भराव घालून ते उभं राहिलं. एकूण जागा २११ एकर, काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे असलेल्या भाडेकराराची मुदत मे २०१३ मध्ये संपली. त्याच वर्षी शिवसेनेने तिथे थीम पार्क करण्याची मागणी केली आणि मुंबईत गदारोळ उठला. पुढची दहाएक वर्षं शहरातली सर्वांत मोलाची मोकळी जमीन करार संपलेल्या अवस्थेत पडून होती. शर्यती मात्र चालू होत्या. इथे चाळीतल्या पागडीच्या खोलीचा एखादा कागद अडकला तर माणसाची हयात कोर्टाच्या पायऱ्यांवर जाते.

२०२४ मध्ये तोडगा निघाला. १२० एकर महापालिकेकडे येणार, कोस्टल रोडच्या भरावावरची १७५ एकर त्याला जोडून मोठं सेंट्रल पार्क होणार, आणि उरलेली ९१ एकर क्लबला २०५३ पर्यंत पुन्हा भाडेपट्ट्याने मिळणार. या तोडग्यात चांगलं बरंच आहे. १२० एकर जागा सगळ्यांसाठी खुली होणं ही मुंबईत रोज घडणारी गोष्ट नव्हे. विकास आराखडा २०३४ तयार होत होता तेव्हा या शहरात माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर होती. एक माणूस चटई टाकून आडवासुद्धा होऊ शकणार नाही, एवढी.

पण तोडगा कसा झाला तेही पाहायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी या प्रस्तावावर मतदान केलं. काहीशे सभासदांनी होकार दिला आणि प्रस्ताव पुढे सरकला. त्या वेळी मुंबई महापालिकेत एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे सार्वजनिक जमिनीचं काय करायचं यावर एका खासगी क्लबच्या सभासदांना मत होतं आणि सव्वा कोटी मुंबईकरांच्या वतीने सभागृहात बोलायला कुणी नव्हतं. वाटाघाटींच्या काळात आणखी एक गोष्ट चर्चेत आली: घोड्यांचे तबेले नव्याने बांधून द्यायला महापालिकेने सुमारे १०० कोटी रुपये खर्च करावेत. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. खासगी मालकांच्या घोड्यांसाठी, पैजेवर चालणाऱ्या खेळासाठी, पालिकेच्या तिजोरीतून तबेले बांधायचा विचार तरी का व्हावा? ज्या शहरात पालिकेच्या शाळांच्या इमारती धोकादायक ठरून रिकाम्या कराव्या लागतात, त्या शहरात हा प्रस्ताव कुणाच्या तरी टेबलावर गंभीरपणे ठेवला गेला.

क्लबच्या बाजूने एक मुद्दा मात्र असा आहे, की तो डावलून पुढे जाता येणार नाही. रेसकोर्स होतं म्हणून ही जमीन वाचली. हे खरं आहे, आणि मुंबईकराला ते पटवून द्यायला लागत नाही. रेसकोर्सच्या स्टँडमधून पूर्वेकडे मान वळवली की लोअर परळचे टॉवर दिसतात. तिथे गिरण्या होत्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्यापुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल ग्राह्य धरला. सहाशे एकरांच्या आसपास गिरणी जमीन होती, तिच्यातून शहराला बाग म्हणून काय मिळालं ते त्या भागात राहणाऱ्यांना विचारा. संपात होरपळलेल्या गिरणी कामगारांची मुलं आज तिथल्या मॉलमध्ये सुरक्षारक्षक म्हणून उभी आहेत. हा इतिहास शेजारीच असताना कुणी म्हणालं, की बाबा, घोडे राहू द्या, घोडे गेले की बिल्डर येतील, तर त्या भीतीला वेड्यात काढता येत नाही. मलाही ती भीती आहे.

पण या भीतीतून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. मोकळी जमीन राखणं हे एक काम आहे आणि शर्यतीचा धंदा चालवणं हे दुसरं. आपण पहिल्या कामाचा मोबदला दुसऱ्याला देतो आहोत. जमीन राखायचीच असेल तर कायद्याने राखा. आरक्षण असं टाका, की कुठल्याही मंत्रिमंडळाला एका बैठकीत ते उठवता येऊ नये. मग त्या जमिनीवर शर्यत चालवायची कुणाला इच्छा असेल तर त्याने रास्त भाडं मोजावं, मैदान सकाळ-संध्याकाळ लोकांना खुलं ठेवावं, आणि शर्यतीचा खर्च शर्यतीच्या उत्पन्नातून भागवावा. स्टँडची वास्तू जुनी आणि देखणी आहे, ती जपायला सरकारने हातभार लावावा. पण ती मदत वास्तूसाठी आहे असं लिहून, त्याच खात्यावर. घोड्याच्या पाठीवर बसवून नको.

रोजगाराचंही तसंच. रेसकोर्सवर सगळ्यात जास्त राबतो तो सईस. पहाटे चार-साडेचारला त्याचा दिवस उगवतो. घोडा बाहेर काढायचा, खरारा करायचा, चारही पायांवरून हात फिरवून रात्रीत कुठे ऊब किंवा सूज आली आहे का ते चाचपायचं, एकेक खूर उचलून साफ करायचा. ट्रॅकवर घोडा पळवणारा वेगळा असतो आणि घड्याळ घेऊन कडेला उभा राहणारा ट्रेनर वेगळा. घोडा फेसाळून परत आला की पुन्हा सईसच पुढे. श्वास खाली बसेपर्यंत त्याला गोल गोल फिरवायचा, अंगावर पाणी मारायचं, पुसायचं, मग तोबरा. घोड्याने आज दाणा अर्धाच खाल्ला, हे मालकाच्या आधी, डॉक्टरच्याही आधी सईसला कळतं. दुपारी पुन्हा तेच. रविवारी तो ज्याला घेऊन पॅडॉकमध्ये फेऱ्या मारतो त्या घोड्याची किंमत सईसच्या जन्मभराच्या कमाईपेक्षा जास्त असू शकते.

या माणसाच्या नावाने सवलत मागितली जाते. पण सईसला पगार क्लब देत नाही, ट्रेनर देतो, आणि ट्रेनरला पैसे घोड्याचा मालक देतो. क्लबला मिळालेली जमिनीची सवलत या साखळीतून खाली झिरपत सईसपर्यंत पोचेल, याची हमी कुठल्या करारात आहे? त्याच्या भविष्य निर्वाह निधीची, लाथ बसून बरगडी मोडली तर उपचारांची, राहायच्या खोलीची अट भाडेकरारात घाला. सईसांसाठी काही करायचं असेल तर त्याचा हाच सरळ मार्ग आहे.

पुण्यात हा विषय काढला की कुणीतरी पूनावालांचं नाव घेतंच. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला लस आणि सीरमच्या कामासाठी दिले जात, त्यातूनच स्वतः सीरम बनवण्याची कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हा इतिहास अभिमानास्पद आहे. पण ती एका कुटुंबाची उद्यमशीलता होती. तिच्या आधारे आज रेस क्लबच्या भाड्यात सूट मागता येत नाही.

ग्रामीण भागातून दुसरा आवाज येतो, की शहरातल्या श्रीमंतांच्या घोड्यांना एकरांच्या एकर जमीन आणि आमच्या बैलगाडा शर्यतीला मात्र वर्षानुवर्षं बंदी. हा राग समजण्यासारखा होता. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा मान्य केला आणि ती अडचण संपली. आता तिथेही सरकारी पैशाची मागणी होईल तेव्हा ती खिल्लार वाचवण्याच्या नावाने होईल. खिल्लार वाचायलाच हवा. त्यासाठी सांगली-सोलापूरकडच्या, गायी पाळणाऱ्या शेतकऱ्याला वैरणीचे आणि पैदाशीचे पैसे द्या. घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या धावपट्टीवर, सर्वात वेगाने धावणाऱ्या एका जोडीच्या बक्षिसातून जात वाचत नाही.

करांबद्दल क्लबांची तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. इतका कर लागला की खेळणारा टोटच्या, म्हणजे क्लबच्या अधिकृत पैजेच्या, खिडकीवर येत नाही, फोनवरून बेकायदा बुकीकडे जातो. सरकारला कर मिळत नाही, क्लबला टक्का मिळत नाही. कर चुकला असेल तर दिल्लीत भांडून तो दुरुस्त करून घ्यावा. त्याची भरपाई मुंबई-पुण्याच्या जमिनीतून करून घेऊ नये. रेसमध्ये कौशल्य आहे, तो निव्वळ जुगार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला, त्याचाही इथे दाखला देतात. त्या निकालाने शर्यत कायदेशीर ठरते. जनतेने तिला पोसावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

इंग्लंडमध्ये निदान एक व्यवस्था पटण्यासारखी आहे. तिथे १९६० च्या दशकापासून घोड्यांच्या शर्यतीसाठी बुकींकडून लेव्ही घेतात. सध्या ती ठरावीक मर्यादेवरच्या ढोबळ नफ्याच्या १० टक्के आहे. पैसा पैज लावणाऱ्यांकडून येतो आणि शर्यतीला जातो. ज्याने आयुष्यात कधी घोड्यावर रुपया लावला नाही त्याच्या करातून तो काढला जात नाही.

आणि आता ज्याच्या पाठीवर हे सगळं चाललं आहे त्याच्याबद्दल. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा झाला की धावायला लागतो. सहाव्या-आठव्या वर्षी, पायाने दगा दिला तर त्याआधीच, त्याचं काम संपतं. त्याचं आयुष्य पंचवीस वर्षांचं असतं. म्हणजे कमाई बंद झाल्यानंतर पंधरा-वीस वर्षं त्याला कुणीतरी खायला घालायचं असतं. काही पैदाशीला जातात, काही रायडिंग स्कूलमध्ये, काही सीरम बनवणाऱ्या संस्थांकडे. बाकीच्यांचं काय होतं, याचा जाहीर हिशेब आपल्याकडे नाही. २०२५ मध्ये हैदराबादहून जबलपूरजवळ ५७ घोडे नेले गेले आणि त्यातले कित्येक मेले. प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयात गेलं म्हणून निदान आकडा तरी कळला.

आयर्लंडमध्ये इतकी उघड चर्चा असूनही हेच झालं. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने दाखवून दिलं, की पुरेसा वेग नाही म्हणून वर्षाला सहा हजारांच्या आसपास ग्रेहाउंड मारले जात असावेत. हा अंदाज कुणा प्राणीप्रेमी संघटनेने काढलेला नव्हता. शर्यती चालवणाऱ्या मंडळाने स्वतः करून घेतलेल्या अहवालात तो होता आणि मंडळ तो दाबून बसलं होतं. त्यानंतर प्रायोजक कंपन्यांनी हात काढून घेतले. सरकारने काढला नाही. २०२४ मध्ये त्याच वाहिनीने एका कत्तलखान्यात निवृत्त घोड्यांचे कसे हाल होतात ते दाखवलं. त्यातले बरेच शर्यतीचे घोडे होते, ज्या शर्यतींना जनतेचा निधी मिळतो त्याच. पैसे देणाऱ्याने जनावराच्या शेवटाची अट घातली नाही, म्हणून त्या पैशातून शर्यतींची बक्षिसं वाढत गेली आणि हरलेलं जनावर हिशेबाबाहेर राहिलं. ग्रेहाउंडच्या बाबतीत तर माझं मत स्पष्ट आहे, त्याला एक पैसाही नको. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये या शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. भारतात कुत्र्यांच्या शर्यतींवर पैज लावण्याचा कायदेशीर उद्योग नाही. पंजाबातल्या गावांमधून ग्रेहाउंड पळवले जातात, पण तो उद्योग झालेला नाही. कुणी पर्यटन किंवा महसूल म्हणून तो इथे आणायचा विचार करत असेल तर आयर्लंडचा तो अहवाल आधी वाचावा.

घोड्यांच्या बाबतीत मी बंदी मागत नाही. शर्यत बघायला आवडणारी माणसं आहेत, फेब्रुवारीतली डर्बी ही मुंबईची जुनी रीत आहे, आणि स्वतःच्या पैशाने चालणार असेल तर चालू द्यावी. माझी मागणी सार्वजनिक जमिनीपुरती आहे. केंद्र सरकार करसवलतींमुळे किती महसूल सोडला याचं विवरण अर्थसंकल्पासोबत छापतं. राज्याने तेच जमिनीबाबत करावं. महालक्ष्मीची ९१ एकर, तिचं भाडं, त्याच जागेचं रास्त भाडं, आणि दोन्हींतला फरक, दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. जिमखाने आणि क्लबांना दिलेल्या बाकीच्या जमिनीही त्याच तक्त्यात याव्यात. तबेल्यांवर, ट्रॅकवर, बक्षिसांवर महापालिकेचा एक रुपयाही जाऊ नये. पैजेवरच्या करातला ठरावीक हिस्सा निवृत्त घोड्यांच्या पालनासाठी आणि सईसांच्या विम्यासाठी बाजूला काढावा, म्हणजे तो बोजा खेळणाऱ्यावरच राहील.

आणि २०५३ पर्यंतच्या या करारात एक अट आजही घालता येईल. देशात जन्मलेल्या प्रत्येक जातिवंत घोड्याची नोंद पुण्यातल्या स्टड बुक कार्यालयात होते. आई कोण, बाप कोण, जन्म कधी, अंगावर खुणा कुठे, शरीरातल्या चिपचा क्रमांक काय, सगळं लिहिलेलं असतं, कारण पैदाशीच्या बाजारात त्या माहितीला भाव आहे. त्याच नोंदीत आणखी काही रकाने घालावेत: घोडा शेवटचा कधी धावला, नंतर कुणाच्या ताब्यात गेला, आज कुठे आहे, मेला असेल तर कशाने मेला. ते रकाने वर्षातून एकदा भरून जाहीर करावेत. ज्या क्लबला ते जमणार नाही त्याला सरकारी जमीन देऊ नये.